एम्बेडेड लिनक्स: आधी घड्याळ, मग पोर्ट, मग कोड

नव्या नोकरीत कोणीतरी रास्पबेरी पाय (लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर-बोर्ड) आणि वीजमीटर हातात देऊन म्हणेल, "दर पंधरा मिनिटांनी रीडिंग घे." कोड तुम्हाला जमेल हो. पण त्या बोर्डाला किती वाजलेत हे कळतंय का, ते आधी बघा.

पाय ४ पर्यंत बोर्डावर बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. लाईट गेली की वेळ तिथेच थांबते, आणि आल्यावर बोर्ड फाईलमधली जुनी वेळ घेऊन उठतो. इंटरनेट असेल तर निभावतं, पण गावाबाहेरच्या पंपहाऊसवर कुठलं इंटरनेट? २०२३ मध्ये आलेल्या पाय ५ वर घड्याळ आहे, बॅटरी मात्र वेगळी घ्यावी लागते. जुन्या बोर्डांना मी डीएस३२३१ चिपचं घड्याळ लावतो. खोलीच्या तापमानात वर्षाला साधारण मिनिटभराच्या आतच चुकतं. त्याच्या काही स्वस्त मॉड्यूलवर चार्जिंगचं सर्किट असतं. त्यात साधा सीआर२०३२ सेल घालू नका, तो चार्ज करायचा नसतो.

ही चिप आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवर बसते. तिच्या स्कॅनमध्ये ६८ हा पत्ता दिसला म्हणजे चिप सापडली. ड्रायव्हर बसला की त्याच जागी 'यूयू' दिसतं, ते ठीकच आहे. घड्याळात यूटीसीच (जागतिक प्रमाणवेळ) ठेवा. मध्यरात्रीचं रीडिंग आदल्या दिवशी १८:३० ला पडलेलं दिसलं तर ते बरोबर आहे. साडेपाच तास फक्त दाखवताना मिळवा.

पोर्टाची गंमत वेगळी. पाय ३ आणि ४ वर चांगला यूएआरटी (सिरीयल पोर्ट) ब्लूटूथकडे जातो आणि ८ व १० नंबरच्या पिनांवर येतो मिनी यूएआरटी, म्हणजे त्याचा साधा भाऊ. त्याला पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) येतच नाही! मॉडबस या सिरीयल भाषेत बोलणारे बरेच मीटर ईव्हन पॅरिटीवर असतात. मीटर गप्प बसतो आणि नवा माणूस वायरी उलटसुलट करत राहतो. ब्लूटूथ बंद करून चांगला पोर्ट परत घ्या. त्याच पोर्टवरचा लिनक्स कन्सोलही बंद करा, नाहीतर लॉगिनची अक्षरं मीटरकडे जातात. पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, मीटरची आरएस-४८५ ची (सिरीयल तारांची) लाईन थेट जोडायची नाही. मधे कन्व्हर्टर हवाच.

यूएसबी कन्व्हर्टर दोन असले तर रीबूटनंतर त्यांचे नंबर अदलाबदल होऊ शकतात. सीएच३४० चिपवाल्या कन्व्हर्टरवर बहुधा सिरीयल नंबरही नसतो, म्हणून मी नाव तो कुठल्या यूएसबी पोर्टात लावलाय त्यावरून ठरवतो.

सगळं झालं की नेटची केबल काढा, बोर्डाचा प्लग उपसा आणि चहाला जा. आल्यावर प्लग लावून वेळ बघा.