डूला व्हायचंय? ख्रिस्ती आईने तयारी कशी करावी

आपलं बाळंतपण निभावून गेलं, मग बहिणीच्या वेळी सोबत केली, मग चर्चच्या मंडळीतल्या एखाद्या पहिलटकरणीने विचारलं, "ताई, माझ्या वेळी येऊन बसाल?" बहुतेक जणी डूलाच्या कामाकडे अशाच वळतात. ओढ खरी असते, पण तेवढ्यावर भागत नाही. ख्रिस्ती आईसाठी या तयारीतला सर्वांत अवघड धडा गप्प राहण्याचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याकडे येऊच, पण आधी पाया.

१. काम नेमकं काय, ते समजून घ्या

डूला म्हणजे प्रसूतीच्या वेळी आईच्या जवळ सतत असणारी प्रशिक्षित सोबतीण. ती रक्तदाब मोजत नाही, आतून तपासत नाही, बाळाचे ठोके ऐकून निदान करत नाही, औषध सुचवत नाही, आईच्या वतीने निर्णयही घेत नाही. ती कंबर दाबते, श्वासाची लय धरायला मदत करते, पाणी देते, नवऱ्याला काय करायचं ते सांगते आणि डॉक्टर बोलून गेल्यावर "तुला आणखी काही विचारायचंय का?" असं आईला विचारते. बायबलमधल्या निर्गमाच्या पहिल्या अध्यायातल्या शिप्रा आणि पुवा यांचा दाखला आपल्याकडे लगेच दिला जातो. पण त्या सुइणी होत्या, बाळाला जन्माला घालण्याची जबाबदारी त्यांची होती. डूलाने ती जबाबदारी स्वतःकडे ओढून घेऊ नये.

एवढं साधं काम, पण त्याचा परिणाम मोजला गेला आहे. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या बालरोगतज्ज्ञांचा ग्वातेमालामधला अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. कळांच्या वेळी जिच्याजवळ एक अनोळखी, वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई सतत बसून राहिली, ती आई लवकर मोकळी झाली, असं त्यात दिसलं. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात १५,००० हून अधिक स्त्रियांवरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. सतत सोबत असलेल्यांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण जास्त आणि सिझेरियनचं कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या मार्गदर्शनात प्रत्येक आईला तिच्या पसंतीची सोबत मिळावी, अशी शिफारस केली. या सगळ्यात 'सतत' हा शब्द महत्त्वाचा आहे. तासाभराने डोकावून जाणाऱ्या बाईचा तेवढा उपयोग होत नाही.

२. स्वतःचं बाळंतपण बाजूला ठेवायला शिका

प्रशिक्षणाला नाव घालण्याआधी आपल्या प्रत्येक प्रसूतीची हकीकत सविस्तर लिहून काढा. कुठे भीती वाटली, कोणाचं बोलणं लागलं, कशाचा अजून राग येतो, सगळं. लिहिताना हात थबकला किंवा छाती धडधडली, तर ती जखम भरलेली नाही. आधी समुपदेशकाशी बोला. नाहीतर दुसरीच्या कळा सुरू असताना तुम्ही तुमच्याच जुन्या खोलीत उभ्या असाल.

आपल्या मंडळ्यांमध्ये साक्ष देण्याची सवय असते. देवाने आपल्यासाठी काय केलं, ते उठून सांगायचं. उपासनेत ती चांगलीच गोष्ट आहे. प्रसूतीच्या खोलीत मात्र "माझ्या वेळी मी प्रार्थना केली आणि दोन तासांत सुटले" हे वाक्य चौदा तास कळा सोसणाऱ्या बाईला आरोपासारखं ऐकू येतं. तुमची साक्ष तिने विचारली तरच सांगा, तीही बाळ झाल्यावर.

३. घरच्यांशी स्पष्ट बोला

बहुतेक जणींचं हे काम कौशल्याअभावी थांबत नाही, घरच्या आघाडीवर थांबतं. साधारण ३८व्या आठवड्यापासून ४२व्यापर्यंत कधीही फोन येऊ शकतो, आणि तो रात्री अडीचलाही येतो. पहिलटकरणीच्या सक्रिय कळा गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यापासून धरल्या, तरी पुढे सहसा बारा तासांपर्यंत चालू शकतात. त्याआधीचा संथ टप्पा कधी कधी दिवसभराचा. म्हणजे घरातून बाहेर पडलेली बाई कधी परतेल, हे कोणीच सांगू शकत नाही.

म्हणून "तुम्ही सांभाळून घ्याल ना?" असं मोघम विचारू नका. मुलांना शाळेत कोण सोडेल? नवरा बाहेरगावी असेल तेव्हा रात्री कोण येऊन झोपेल? अंगावर पिणारं बाळ असेल तर दूध काढून ठेवायची सवय आधीच लागली आहे का? संडे स्कूलचा वर्ग, गायनवृंद, घरातली प्रार्थनासभा यांपैकी काय सोडाल आणि काय दुसरीकडे सोपवाल? ही यादी नवऱ्यासोबत बसून लिहा. तो मनापासून तयार नसेल तर वर्षभर थांबलेलं बरं. मूल अगदी तान्हं असेल, तर या काळात वाचन आणि प्रशिक्षण करा, प्रसूती घेऊ नका.

पाळकांनाही कल्पना द्या. परवानगी मागायची म्हणून नव्हे, एखाद्या रविवारी तुम्ही अचानक दिसला नाहीत तर कोणी अर्थ काढत बसू नये म्हणून.

४. प्रशिक्षण निवडा

अनेक देशांत डूला होण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळेच प्रशिक्षण नीट पारखून घ्यायला हवं. या क्षेत्रातल्या जुन्या संस्थांपैकी एक म्हणजे १९९२ मध्ये सुरू झालेली डोना इंटरनॅशनल. तिच्या प्रमाणपत्राचा साचा पुष्कळांनी उचलला: साधारण १६ तासांची कार्यशाळा, ठरावीक वाचन, स्तनपानाची ओळख, किमान तीन प्रसूतींना प्रत्यक्ष हजेरी आणि त्या आयांचे, डॉक्टरांचे किंवा सुइणींचे अभिप्राय.

ख्रिस्ती प्रशिक्षणवर्गही असतात आणि तिथे मैत्रिणी छान मिळतात. तरी माझा सल्ला असा, की मुख्य प्रशिक्षण सर्वसाधारण वर्गात घ्या आणि विश्वासाची बाजू मंडळीतल्या अनुभवी परिचारिका किंवा सुईण यांच्यासोबत घडवा. वेगळ्या विचारांच्या बायकांबरोबर शिकलात की वेगळ्या विचारांच्या आईजवळ बसणं जड जात नाही. वर्ग ख्रिस्ती असो वा नसो, जिथे डॉक्टरांविरुद्ध चीड पेरली जाते किंवा भूल घेणाऱ्या आईला दुबळी ठरवलं जातं, तिथे पैसे भरू नका.

५. हात तयार करा

पुस्तकातून कळत नाही असा हा भाग. दोन-तीन मैत्रिणींना गोळा करून सराव करा. कळ आली की माकडहाडाच्या वर, कमरेच्या सपाट हाडावर तळहाताच्या टाचेने स्थिर दाब द्यायचा. चोळायचं नाही, दाबून धरायचं. दुसरा प्रकार म्हणजे मागे उभं राहून दोन्ही तळव्यांनी नितंबांच्या वरच्या भागावर बाहेरून आत दाबणं. यात मनगटाने जोर लावलात तर अर्ध्या तासात हात गळून जातील. कोपर बाहेर ठेवून अंगाचं वजन वापरा. किती दाबायचं ते आईच सांगेल. थोड्या वेळाने "हात लावू नका" असंही म्हणेल, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

चालणं, उभ्याने पुढे झुकणं, गुडघे-हातांवर येणं, कुशीवर झोपणं यांपैकी कशाने तिला आराम पडतो ते बघत राहायचं. एपिड्यूरल, म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीतून दिलेली भूल, घेतलेल्या आईलाही तुमची गरज असते. तिला वेळोवेळी कूस बदलायला मदत लागते, आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचा चेंडू ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी वापरतात. मात्र आधी परिचारिकेला विचारा. आणि तोंडाला वास येणार नाही याची काळजी घ्या. कळांमध्ये नाक फार तिखट होतं.

६. विश्वास खोलीत कसा न्यायचा

गरोदरपणातल्या भेटीत साधं विचारा: "कळांच्या वेळी तुम्हाला प्रार्थना, वचन, गाणं यांतलं काही हवंय का? मोठ्याने की मनात?" तिचं उत्तर लिहून ठेवा. ती ख्रिस्ती नसेल आणि नको म्हणाली, तर तुमची प्रार्थना मनातच राहील. तेवढीही पुरते. अवघडलेली बाई खोली सोडून जाऊ शकत नाही, तुम्हाला वाद घालू शकत नाही. अशा वेळी तिला सुवार्ता ऐकवणं म्हणजे तिच्या अडचणीचा फायदा घेणं.

धीर देतानाही जपून बोला. उत्पत्ती ३५ मध्ये राहेलला सुईण म्हणते, भिऊ नको, हाही मुलगाच आहे. १ शमुवेल ४ मध्ये एलीच्या सुनेला जवळच्या बायका जवळजवळ तेच सांगतात. दोघी आया त्या प्रसूतीत दगावतात, आणि एलीची सून तर त्या बोलण्याला उत्तरही देत नाही. "देव सगळं ठीक करील" असं वचन आपल्या खिशातून देऊ नये. "मी इथेच आहे" हे खात्रीने म्हणता येतं, तेच म्हणावं. बाळ गेलंच, तर मुलं गमावलेल्या ईयोबाला भेटायला आलेले मित्र आठवा. पहिले सात दिवस ते जमिनीवर नुसते बसून राहिले, तोवर चांगले होते. बोलायला लागले आणि बिघडलं.

स्त्री वेदनेने मुलांना जन्म देईल असं सांगणाऱ्या उत्पत्ती ३:१६ चा आधार घेऊन प्रसूतीच्या वेदना कमी करणं चूक ठरवणारे लोक पूर्वीही होते. १८४७ मध्ये एडिनबरोत डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन यांनी प्रसूतीत भुलीसाठी क्लोरोफॉर्म वापरला आणि त्याच वर्षी धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिकाही काढली. मंडळीतली कोणी आजही ते वचन काढेल. आईच्या उशाशी तरी ती चर्चा होऊ देऊ नका.

कोणतं काम तुमच्या सदसद्विवेकाला पटणार नाही, ते आज ठरवा. म्हणजे पहिल्याच फोनवर नम्रपणे दुसरीचं नाव सुचवता येईल. एकदा हो म्हटल्यावर मात्र ती अविवाहित असो, तिचं बाळ दत्तक जाणार असो, सेवेत फरक नको.

आणि एक सापळा: प्रार्थनेचा विषय. "अमुकताईंसाठी प्रार्थना करा, टाके जास्त पडलेत" हा निरोप सद्हेतूने जातो आणि दुपारपर्यंत सगळ्या मंडळीला ठाऊक होतो. तिची लेखी किंवा तोंडी परवानगी असल्याशिवाय प्रार्थनेच्या गटातही तिचं नाव काढू नका.

७. पहिली प्रसूती घ्या

अगदी फुकट काम करण्यापेक्षा थोडं मानधन घ्या. फुकटच्या सोबतीला गृहीत धरलं जातं, आणि घरच्यांनाही ते काम वाटत नाही. ओळखीतली असली तरी एका पानाचा करार करा: गरोदरपणात किती भेटी, कळांच्या कोणत्या टप्प्यावर याल, तुम्ही आजारी पडलात तर बदली कोण, पैसे कधी. बदली डूलाशी त्या आईची आधीच गाठ घालून द्या. रुग्णालयात डूलाला प्रवेश आहे का, लसीकरणाचे कागद लागतात का, हेही आधीच विचारून घ्या.

बाळ झाल्यावर लगेच पळू नका. पहिल्या तासात बाळ आईच्या उघड्या छातीवर राहावं आणि दूध ओढायला लागावं, इतका वेळ थांबा. आठवड्याभरात घरी जा आणि तिची हकीकत तिच्या तोंडून ऐका. तिला आठवणारा क्रम चुकला तरी दुरुस्त करू नका. खूप रक्तस्राव, ताप, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी असं काही असेल तर तिला ताबडतोब रुग्णालयात पाठवा. रडू आणि उदासी दोन आठवड्यांनंतरही ओसरली नाही तर डॉक्टरांकडे न्या. तिथे नुसत्या प्रार्थनेवर भागवू नका.

पहिल्या तीन प्रसूती होईपर्यंत महिन्याला एकाहून जास्त घेऊ नका. दोन तारखा जवळ आल्या तर दुसरी बदलीकडे द्या.