सोसायटीच्या सभागृहात ‘फिडलर ऑन द रूफ’: सहगानाची तयारी

ज्यू कुटुंबाची गोष्ट सांगणारा १९७१ सालचा हा इंग्रजी संगीतमय चित्रपट सुमारे तीन तासांचा आहे. पुण्यातील सोसायटीत तो सहगानासह दाखवायचा असेल, तर हक्कधारकाची परवानगी आधी घ्यावी आणि रविवारची दुपार निवडावी, कारण शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, पाळणाऱ्या बेने इस्राएली (मराठी ज्यू) शेजाऱ्यांना येता येणार नाही. गाण्यांचे शब्द देवनागरीत, ठळक टायपात छापावेत. आजी-आजोबांची त्यामुळे सोय होते. ‘ट्रॅडिशन’ हे सुरुवातीचे गाणे जणू नांदीच असून त्यात वडील, आया, मुलगे आणि मुली आळीपाळीने गातात व अखेरीस सर्वांचे सूर एकमेकांत मिसळतात, म्हणून प्रेक्षकांचेही तसेच चार गट करून एकदा तालीम घ्यावी (लाजणाऱ्या काकांना पुढेच बसवावे). मध्यंतरात बटाटेवडे उत्तम. मांसाहाराच्या भानगडीत पडू नये.