बाळंतपणानंतर मळमळ थांबत नसेल तर कारण कसे शोधावे

गरोदरपणातील मळमळीचा मोठा संबंध वारेतून स्रवणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाशी असतो. वार पडली की त्याचे रक्तातील प्रमाण झपाट्याने उतरते आणि प्रसूतीपर्यंत टिकलेली मळमळही बहुधा काही दिवसांतच ओसरते. म्हणून बाळंतपणाला दोन-तीन आठवडे उलटूनही पोट ढवळत असेल, तर ‘अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू’ असे म्हणून ते अंगावर काढू नये. आता त्याचे कारण दुसरे असते आणि बहुधा ते सापडतेही.

आधी धोक्याची लक्षणे तपासावीत. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाब नव्याने वाढू शकतो, गरोदरपणात तो अगदी व्यवस्थित असला तरीही. मळमळीसोबत तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे असेल, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा. तो 140/90 किंवा त्याहून अधिक भरला तर लगेच डॉक्टरांशी बोलावे. 160/110 असेल तर थेट रुग्णालय गाठावे. 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, ओटीपोटात दुखणे आणि अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी ही गर्भाशयातील जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात. पाठीत भुलीचे इंजेक्शन घेतल्यानंतर उठून बसताच डोके ठणकत असेल आणि आडवे पडल्यावर थांबत असेल, तर तेही लगेच कळवावे. पाण्याचा घोटही पोटात टिकत नसेल किंवा लघवी अगदी कमी होत असेल, तर थांबू नये.

यांपैकी काही नसेल तर चार-पाच दिवस एका वहीत नोंद ठेवावी. ‘सकाळी 8, रिकाम्या पोटी लोहाची गोळी, साडेआठला मळमळ, खाल्ल्यावर कमी’ एवढी एक ओळ पुरते. मळमळ कशानंतर येते, किती वेळ टिकते आणि कशाने थांबते, या तीन गोष्टींवरून कारणाचा माग लागतो. माझ्या मते घाईघाईने केलेल्या तपासण्यांपेक्षा ही वही डॉक्टरांना अधिक सांगून जाते.

सर्वांत आधी औषधांकडे पाहावे. लोहाच्या गोळ्या, मेट्रोनिडॅझोलसारखी प्रतिजैविके, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या यांनी मळमळते. लोहाची गोळी जेवणानंतर घेतली तर शोषण कमी होते, पण त्रासही कमी होतो. एक दिवसाआड घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

बाळाने स्तनाला तोंड लावले, पान्हा फुटला आणि त्याच क्षणी पोटात कालवल्यासारखे झाले, असा अनुभव काही स्त्रियांना येतो. त्या वेळी ऑक्सिटोसिन स्रवत असते आणि ही मळमळ बहुधा काही मिनिटांत विरते. पाजण्यापूर्वी थोडे खाऊन, पाण्याचा पेला हाताशी ठेवून बसावे, कारण भूक आणि शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे ती वाढते. स्तनाचा एखादा भाग लाल, गरम आणि दुखरा असून तापही असेल, तर मात्र तो स्तनाचा दाह असू शकतो आणि त्यावर उपचार लागतात.

दोन कारणे वारंवार नजरेतून सुटतात. पहिले पित्ताशयातील खडे. गरोदरपणात पित्ताशय संथपणे रिकामे होते, त्यामुळे खडे तयार होतात आणि त्यांचा त्रास प्रसूतीनंतरच्या महिन्यांत डोके वर काढतो. तेलकट जेवणानंतर तास-दोन तासांनी मळमळ आणि उजव्या खांद्याकडे जाणारी कळ ही त्याची खूण असून निदानासाठी सोनोग्राफी करतात. दुसरे कारण थायरॉइड ग्रंथीचा दाह, जो प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात होतो. सुरुवातीला धडधड, हातांना कंप आणि वजन घटणे दिसते, तर पुढे थकवा, बद्धकोष्ठता आणि थंडी सहन न होणे. ही सारी लक्षणे जागरणाच्या खाती सहज जमा होतात. म्हणून टीएसएचची, म्हणजे थायरॉइडचे काम तपासणारी, रक्ततपासणी मागून घ्यावी.

पुन्हा दिवस गेले असण्याची शक्यताही गृहीत धरावी, कारण पाळी येण्यापूर्वीही बीज सुटू शकते. पहिल्या काही आठवड्यांत जुन्या एचसीजीच्या अंशामुळे चाचणी होकारार्थी येऊ शकते, तेव्हा निष्कर्ष डॉक्टरांवर सोडावा.

सततची चिंता आणि नैराश्य यांनीही अन्नावरची वासना जाते आणि पोट ढवळते. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल किंवा बाळ झोपले तरी स्वतःला झोप लागत नसेल, तर तेही मळमळीइतक्याच स्पष्टपणे सांगावे. मनात स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगून मदत घ्यावी.

डॉक्टरांकडे जाताना वही आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत आणि बाळ अंगावर पीत असल्याचे आवर्जून सांगावे, म्हणजे मळमळीवरचे औषध त्या बेताने निवडता येते.