कुटजारिष्ट कडू लागतं, जळजळतं? असं घ्या

जुलाब-आवेवर वैद्यांनी कुटजारिष्ट दिलं, की कुड्याच्या सालीचा कडूपणा आणि पोटातली जळजळ यांना कंटाळून बरेच जण बाटली अर्धीच टाकून देतात.

१. रिकाम्या पोटी नको, जेवणानंतरच घ्या.

२. सांगितलेलं माप मापाच्या कपानेच घ्या. त्यात तेवढंच कोमट पाणी घाला. जळजळ यानेच कमी होते.

३. एका दमात प्या, वर दोन मनुका चावा.

४. बूच लावण्याआधी बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसा. अरिष्टात गूळ असतो. तो आट्यांवर सुकला की बूच पकडीशिवाय फिरत नाही आणि मुंग्याही लागतात.

तळाशी थोडा गाळ दिसला तर घाबरू नका, तो असतोच.

एक मात्र नक्की पाळा. अरिष्टात आंबण्यातून तयार झालेलं साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल असतं. आवेसाठीच डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल दिलं असेल, तर त्यासोबत हे घेऊ नका. मळमळ, उलटी, धडधड होऊ शकते. गोळ्या संपल्यावर किती दिवसांनी सुरू करायचं, हे डॉक्टरांनाच विचारा.