मुक्त स्रोत परिषदेला वक्ते कसे बोलवाल

मुक्त स्रोत, म्हणजे ओपन सोर्स सॉफ्टवेअरची, एक दिवस, दोन ट्रॅक (दोन सभागृहांत एकाच वेळी टॉक) अशी परिषद असेल तर किती टॉक बसतात याचा हिशोब आधी कागदावर करा. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच म्हणजे ४८० मिनिटं. उद्घाटनाची १५, बीजभाषणाची ४५, दोन चहांची मिळून ४०, जेवणाची ६० आणि शेवटच्या लाइटनिंग टॉकची, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट टॉकची, ४० वजा केली की २८० उरतात. एका टॉकला ४० धरा: २५ बोलायला, ५ प्रश्नांना, १० माणसं हलायला आणि पुढच्याचा लॅपटॉप जोडायला. ट्रॅकमागे सात, एकूण चौदा. शेवटची १० मिनिटं कापून दोन टॉक जास्त घुसवायचा मोह होतोच, आणि मग दुपारी तीनला सगळा कार्यक्रम पाऊण तास मागे असतो.

चौदातले तीन-चार टॉक थेट निमंत्रणाचे ठेवा, बाकीचे सीएफपीतून, म्हणजे जाहीर आवाहन करून आलेल्या प्रस्तावांतून घ्या. सगळंच सीएफपीवर सोडलं तर नेहमी बोलणारेच अर्ज करतात. प्रत्यक्ष काम करणारे कितीतरी जण 'आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे' म्हणत फॉर्म उघडतही नाहीत. त्यांना शोधावं लागतं. प्रकल्पाच्या रेपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, गिट या कोडचे बदल नोंदवणाऱ्या साधनाची शॉर्टलॉग ही आज्ञा एस आणि एन हे पर्याय लावून चालवली की कोणाचे किती कमिट (नोंदवलेले बदल) ते उतरत्या क्रमाने दिसतं. सिन्स हा पर्याय लावून गेल्या वर्षापुरतंच बघा, नाहीतर पाच वर्षांपूर्वी प्रकल्प सोडून गेलेला माणूस यादीत पहिला येतो. पण कमिटच्या आकड्यावर विसंबू नका. बग तपासणारे, दस्तऐवज लिहिणारे, भाषांतर करणारे त्यात पुरेसे दिसत नाहीत. मराठीकरणावर सत्र हवं असेल तर फायरफॉक्सचं काम पाँटूनवर आणि लिब्रेऑफिसचं वेबलेटवर, या भाषांतराच्या ऑनलाइन साधनांवर चालतं, तिथे सक्रिय कोण आहे ते पाहा.

आता पत्र. 'आपण आमच्या परिषदेत मार्गदर्शन करावे ही नम्र विनंती' या वाक्यात वक्त्याला लागणारी एकही गोष्ट नाही. कोणता दिवस, किती वेळ, समोर कोण, खर्च कोणाचा, कधीपर्यंत सांगायचं, हे पहिल्या पत्रातच हवं. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या वक्त्याला साधारण असं:

'नमस्कार. शनिवार, १६ जानेवारी २०२७ रोजी पुण्यात आमची एक दिवसाची मुक्त स्रोत परिषद आहे. पोस्टग्रेसच्या लॉजिकल रेप्लिकेशनवरचे तुमचे पॅच आम्ही वाचले. मोठ्या टेबलचा पहिला सिंक रखडतो तेव्हा नेमकं काय तपासायचं, यावर तुम्ही २५ मिनिटं बोलावं असं वाटतं. श्रोते सुमारे दीडशे, बहुतेक नोकरी करणारे डेव्हलपर. एसक्यूएल येतं, अंतर्गत रचना माहीत नाही. येण्याजाण्याचं तिकीट आम्ही काढू, दोन रात्रींची राहण्याची सोय आमची. मानधन देऊ शकत नाही. टॉकचं रेकॉर्डिंग सीसी बाय-एसए या मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध होईल; नको असेल तर सांगा. २५ ऑगस्टपर्यंत हो किंवा नाही कळवलंत तर बरं.'

मानधन नसेल तर तसं लिहूनच टाका. 'बघू, करू काहीतरी' असं तोंडी आश्वासन नंतर महागात पडतं. आणि 'तिकीट तुम्ही काढा, पैसे नंतर देतो' म्हणू नका. विद्यार्थ्याला किंवा फ्रीलान्सरला बारा हजार रुपये तीन महिने अडकवून ठेवणं परवडत नाही आणि तो संकोचून नुसतं 'जमणार नाही' म्हणतो. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा. त्यानंतरही शांतता असेल तर पुढचं नाव घ्या.

सीएफपी परिषदेच्या पाच-सहा महिने आधी उघडा आणि सहा आठवडे चालू ठेवा. प्रीटॅल्क्स हे मुक्त स्रोत साधन त्यासाठी पुरेसं आहे. फॉर्ममध्ये शीर्षक, तीनशे शब्दांचा गोषवारा, परीक्षकांपुरती रूपरेषा, श्रोत्याला आधी काय यायला हवं, आणि प्रवासखर्च लागेल का, एवढंच विचारा. मागच्या टॉकचा व्हिडिओ सक्तीचा केलात की पहिल्यांदा बोलणारे तिथेच गळतात. प्रस्तावांची झुंबड शेवटच्या दोन दिवसांत उडते, तेव्हा पहिल्या महिन्यातल्या सामसुमीने घाबरून मुदत वाढवू नका. वेळेवर पाठवणाऱ्यांवर तो अन्याय होतो. मुदतीसोबत वेळ आणि टाइमझोन लिहा. आंतरराष्ट्रीय परिषदा 'पृथ्वीवर कुठेही' अशी मुदत देतात, म्हणजे यूटीसी उणे बारा. भारतात ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला संपते. नुसतं '३१ ऑगस्ट' लिहिलंत तर रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी भांडण ठरलेलं.

प्रत्येक प्रस्ताव तिघांनी वाचावा, गुण एक ते चार. पाचाची मोजपट्टी ठेवली की जो तो तीन देऊन मोकळा होतो. पहिली फेरी नावं झाकून करा; प्रीटॅल्क्समध्ये ती सोय आहे. दुसऱ्या फेरीत नावं उघडा, कारण एकाच कंपनीचे चार टॉक किंवा एकाच विषयावरचे तीन तेव्हाच लक्षात येतात. परीक्षकाने स्वतःच्या सहकाऱ्याच्या प्रस्तावाला गुण देऊ नयेत. आणि प्रायोजकाला टॉक विकायचाच असेल तर वेळापत्रकात तसं स्पष्ट छापा. उत्पादनाची जाहिरात तांत्रिक टॉक म्हणून खपवलीत की श्रोते पुढच्या वर्षी फिरकत नाहीत.

निवड झालेल्यांना आधी कळवा, होकाराला सात दिवस द्या. तीन जण प्रतीक्षायादीत ठेवा आणि ते प्रतीक्षायादीत आहेत हे त्यांना सांगा. नकाराची पत्रं होकार पक्के झाल्यावर पाठवा, पण पाठवाच. 'खूप चांगले प्रस्ताव आले होते' हे वाक्य कोणाच्याच कामाचं नाही. 'रूपरेषेत डेमो काय दाखवणार ते कळलं नाही' असं एक ओळीचं कारण माणूस पुढच्या वेळी वापरतो.

परदेशातून कोणी येणार असेल तर सहा महिनेही कमीच पडतात. परिषदेसाठी वेगळा व्हिसा असतो; 'पर्यटक म्हणून ये' असा शहाणपणा वक्त्याला अडचणीत आणतो. निमंत्रणपत्र संस्थेच्या लेटरहेडवर, त्यात पासपोर्टवरचं नाव अक्षर न अक्षर तसंच. सरकारी मंजुऱ्यांची कागदपत्रं आयोजकालाच करावी लागतात, म्हणून आधी चौकशी करा आणि मगच बोलवा. युरोपातला मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, हवा असेल तर जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारीची सुरुवात टाळा, तेव्हा ब्रसेल्सला फॉसडेम ही मुक्त स्रोतवाल्यांची मोठी परिषद असते. आपल्याकडे गणपती, दिवाळी आणि विद्यापीठाच्या परीक्षा सोडून तारीख धरा.

परिषदेच्या तीन आठवडे आधी वक्त्याला पुन्हा एक पत्र जातं: स्लाइड १६:९, प्रोजेक्टरला एचडीएमआय, यूएसबी-सीचं अडॅप्टर आमच्याकडे आहे पण स्वतःचंही आणा, लाइव्ह डेमोचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर असू द्या कारण सभागृहाचं वायफाय दीडशे फोन एकदम झेपवत नाही. स्लाइडची पीडीएफ दोन दिवस आधी मागून घ्या आणि आदल्या संध्याकाळी ती पडद्यावर लावून शेवटच्या रांगेत जाऊन बसा. टर्मिनलमधला मजकूर तिथून वाचता येत नसेल तर वक्त्याला तेव्हाच फोन करून फॉन्ट वाढवायला सांगा.