शेतातील सारख्या दिसणाऱ्या रातकिड्यांच्या जाती कशा ओळखाव्यात

रातकिड्याची जात ठरवताना रंगावर विसंबू नये. नागपूरच्या आसपास, सोयाबीनच्या बांधावर, संत्र्याच्या बागेत किंवा अंबाझरीच्या गवतात पावसाळ्यात आढळणारे बहुतेक रातकिडे काळे किंवा तपकिरी असतात आणि एकाच जातीत या दोन्ही छटा दिसू शकतात.

किडा पारदर्शक बरणीत घ्यावा. त्याला मागच्या पायाने पकडू नये, कारण तो पाय तोडून पळतो. पोटाच्या टोकाला दोन केसाळ उपांगांच्या मध्ये सुईसारखी लांब नळी (अंडनलिका) असल्यास ती मादी समजावी. नराला ती नसते आणि त्याच्या पुढच्या पंखांवर आवाज काढण्यासाठीच्या वेड्यावाकड्या शिरांची जाळी असते. पंखांच्या जागी केवळ लहान कळ्या असल्यास ते पिल्लू असते आणि त्याची जात ठरवण्याच्या भरीस पडू नये. मात्र घरात आढळणाऱ्या, फिकट रंगाच्या व आडवे काळे पट्टे असलेल्या ग्रिलोडिस सिगिलेटस या जातीतील प्रौढ नराचे पंख आखूड असतात, तर मादी जवळजवळ बिनपंखी असते. तिला पिल्लू समजण्याची चूक सर्रास होते.

त्यानंतर भिंगाखाली डोके पाहावे. डोके संपूर्ण चकचकीत काळे असून पुढच्या पंखांच्या बुडाशी दोन पिवळसर ठिपके असतील, तर तो ग्रिलस बायमॅक्युलेटस असण्याचा संभव मोठा. डोळ्यांच्या वर भुवईसारखी फिकट पट्टी दिसल्यास टेलिओग्रिलस या प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, विचार करावा. नराचा चेहरा चपटा व तिरकस कापल्यासारखा असेल तर तो लोक्सोब्लेमस होय. त्याच्या मादीत हे लक्षण पुसट असल्याने तिच्याबाबत घाई करू नये. मागच्या पंखांची लांबी मात्र पुरावा म्हणून धरू नये, कारण काही रातकिडे प्रौढ झाल्यावर ते गाळून टाकतात.

टेलिओग्रिलसच्या निकटच्या जाती केवळ बाह्य रूपावरून वेगळ्या करणे अनेकदा शक्य नसते. तेथे नराच्या जननांगांची रचना आणि त्याचे गाणे हेच खरे आधार ठरतात. ग्रिलस बायमॅक्युलेटसचा नर थोड्या स्वरखंडांची ठसठशीत किरकिर पुन्हा पुन्हा करतो आणि तिची वारंवारता साधारण ४ ते ५ किलोहर्ट्झ असल्याने मोबाइलवरही ती बऱ्यापैकी नोंदवता येते. ध्वनिमुद्रणासोबत जमिनीलगतचे तापमान लिहून ठेवणे अत्यावश्यक आहे. ऑगस्टच्या उबदार रात्री आणि नोव्हेंबरच्या गार रात्री एकाच जातीच्या किरकिरीची गती इतकी बदलते की दोन जाती असल्याचा भास व्हावा.

एकटी मादी हाती आली आणि वरील लक्षणांनी निर्णय होत नसेल, तर नोंदीत केवळ प्रजातीचे नाव लिहावे, पुढे ‘जात अनिश्चित’ अशी टीप द्यावी आणि डोके, पंख व अंडनलिका यांची स्वतंत्र छायाचित्रे जोडावीत.