विकास आराखडा ऑनलाइन तपासताना या चुका टाळा

शहराचा प्रारूप (कच्चा) विकास आराखडा, म्हणजे कुठल्या जमिनीचा पुढे काय वापर होणार याचा नकाशा, आता जीआयएसवर (संगणकीय नकाशा प्रणालीवर) तयार होतो आणि पोर्टलवर घरबसल्या पाहता येतो. ही मोठीच सोय आहे. पण तो वाचताना नेमक्या त्याच त्या चुका होतात आणि हरकतीची मुदत हातची जाते.

पहिली गल्लत नकाशांचीच. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्यानुसार आधी सध्याच्या जमीन वापराचा नकाशा होतो, मग प्रस्तावित वापराचा. पोर्टलवर हे दोन थर शेजारी शेजारी असतात आणि 'आपलं मैदान हिरवं दिसतंय' म्हणून लोक निर्धास्त होतात. तो थर सध्याच्या वापराचा असेल, तर उद्याबद्दल तो काहीच सांगत नाही. तरीही त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका, कारण प्रस्ताव त्याच्यावरच रचले जातात. मुंबईत काय झालं ते आठवा. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आलं, तेव्हा वारसा वास्तूंच्या नोंदी गळलेल्या होत्या, उभ्या इमारतींवरून रस्ते आखलेले होते. हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी ते नव्याने करायला सांगितलं. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आलं, मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. सध्याच्या वापराचा नकाशा मात्र त्या प्रारूपाच्या बराच आधी जाहीर झाला होता आणि नागरिक संस्था तेव्हाच त्यातल्या चुका दाखवत होत्या. म्हणून माझा आग्रह आहे: तुमच्या वॉर्डातली शाळा, दवाखाना, विहीर, स्मशानभूमी त्या पहिल्याच नकाशात बरोबर उतरलीय का, ते पाहा.

आता रस्त्याची रेघ. उपग्रह चित्रावर ती घराच्या भिंतीला लागलेली दिसली की धाबं दणाणतं. १:४००० प्रमाणाच्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर चार मीटर. खालचं चित्र थोडं सरकलेलं असलं तरी रेघ हलल्यासारखी वाटते, आणि झूम वाढवून अचूकता वाढत नाही. शंका असेल तर कार्यालयातला नकाशा पाहा आणि भाग नकाशाची (त्यातल्या तुमच्या भागापुरत्या नकाशाची) प्रमाणित प्रत घ्या. ती वाजवी शुल्कात उपलब्ध ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. हरकतीलाही हीच प्रत जोडा, स्क्रीनशॉट नको.

पोर्टलवर जमिनीचा नंबर शोधताना 'नोंद आढळली नाही' आलं तर आधी गाव आणि पेठ बरोबर निवडलीत का ते पाहा. मग सर्व्हे नंबरच्या जागी सिटी सर्व्हे नंबर टाकला गेलाय का ते तपासा. हिस्सा (पोटनंबर) वगळून फक्त मूळ नंबर टाकला तरी बऱ्याचदा काम होतं.

हरकतीची मुदत राजपत्रातल्या सूचनेच्या तारखेपासून मोजतात. पोर्टलवर नकाशा उशिरा दिसला म्हणून दिवस वाढत नाहीत.

सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा एकच मजकूर शंभर जणांनी पाठवण्यापेक्षा जमिनीचा नंबर, आरक्षण (ती जागा कुठल्या सार्वजनिक कामासाठी राखली आहे ते) आणि हवा असलेला बदल स्पष्ट लिहिलेलं एक पत्र सुनावणीत जास्त टिकतं. सुनावणीची मागणी त्यातच लिहा. ऑनलाइन पोच जपून ठेवा, कार्यालयात दिलं तर आवक क्रमांक घ्या.

आराखडा मंजूर झाल्यावरही नकाशावर 'ईपी' अशी खूण दिसली तर थांबा: तो मंजुरीतून वगळलेला भाग (एक्सक्लुडेड पार्ट) आहे. अशा भागात सरकारने सुचवलेल्या बदलांवर स्वतंत्र सूचना निघते आणि पुन्हा हरकत घेता येते.